चौदा का पंधरा

कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजच्या वार्षिक अहवालात एक ओळ असते, ‘उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी रोजगार मिळालेले’ आणि पुढं एक आकडा. वाचायला तीन सेकंद लागतात. गेल्या फेब्रुवारीत त्या आकड्यापायी माझा सकाळी साडेनऊपासून रात्री आठपर्यंतचा दिवस गेला आणि दुपारचा डबा तसाच घरी परत आला, त्यावरनं बायकोनं काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

वर्ष तसं चांगलं गेलं होतं, खोटं कशाला बोलू. कुस्तीत पोरांनी पदकं आणली, युवा महोत्सवात लोकनृत्याची टीम पुढच्या फेरीला गेली, लायब्ररीत एकदाची नवी कपाटं आली. आणि कम्युनिटी कॉलेजचे दोन कोर्स, एक फाउंड्रीचा म्हणजे धातूच्या ओतकामाचा आणि एक चर्मकलेचा, पहिल्यांदाच पूर्ण भरले. ही युजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, स्कीम बाराव्या पंचवार्षिक योजनेतली. एका वर्षाच्या डिप्लोम्याला ६० क्रेडिट, त्यातले ३६ हाताच्या कामाचे आणि २४ वर्गातले. सुरुवातीला स्टाफरूममधले लोक हसायचे, ‘आता कॉलेजात पायताणं शिवायला शिकवणार काय’ म्हणून. तेच लोक आता पाहुणे आले की आधी आमच्या वर्कशॉपकडं घेऊन येतात.

तर अहवालाचं काम माझ्याकडं. प्राचार्यांनी सांगितलं, आकडा पुराव्यासकट पाहिजे, तोच आकडा नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, वार्षिक गुणवत्ता अहवालाला जाणार, अपॉइंटमेंट लेटर नाही तर आयकार्डची कॉपी असेल तरच धरायचा. मी म्हटलं ठीक आहे, ३२ जणांना फोन करायचे, दोन तासांचं काम. (असल्या वेळी मी नेहमी दोन तासच म्हणतो.)

पहिला फोन शिरोली एमआयडीसीत लागलेल्या पोराला. चार वेळा रिंग गेल्यावर उचलला, “सर, नाईट करून आत्ताच झोपलोय, लेटर व्हॉट्सअपला टाकतो, चालंल न्हवं?” आणि खरंच टाकलं, फक्त दुपारी एकला. दुसरा गोकुळ शिरगावला कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे बनवतात तिथं, मागं एवढा आवाज की दोघंही नुसते ‘काय? काय?’ करत होतो. तिसऱ्याच्या आईनं फोन घेतला आणि मी नोकरीचं विचारतोय म्हटल्यावर तिला वाटलं मी नोकरी द्यायलाच फोन केलाय, ते समजावण्यात दहा मिनिटं गेली आणि शेवटी मलाच अपराध्यासारखं वाटायला लागलं.

मग एकजण भेटला, फेटलिंगला आहे. फेटलिंग म्हणजे ओतून आलेल्या कास्टिंगवरची जादा धातूची कड ग्राइंडरनं काढायची, धूळ आणि ठिणग्या दिवसभर अंगावर. हा पोरगा वर्गात मागच्या बाकावर बसून वहीत बुलेटच्या गाड्या काढायचा. म्हणाला, “सर, आठ महिने झाले, रोज बारा तास करायलोय, पण लेटर न्हाई. कॉन्ट्रॅक्टरकडनं हाय. मागितलं तर म्हणतोय लेटर कशाला पाहिजे, पगार मिळतोय न्हवं.” आयकार्ड? तेही नाही. म्हणजे हा माझ्या आकड्यात बसत नाही. आणि त्याच्याच बॅचचा दुसरा, ज्यानं लेटर लगेच पाठवलं, तो बोलता बोलता सांगून गेला की दोन महिन्यांत काम सोडलं, आता मामाच्या ट्रॅक्टरवर ऊस ओढतोय. तो आकड्यात बसतो. कारण कागद आहे. मी थोडा वेळ पेन तसंच धरून बसलो, मग लिहिलं. दुसरं काय करणार.

साधारण दीडला तिला फोन लागला. चर्मकला कोर्सची, सुभाषनगरची, कोर्समध्ये पहिली आलेली. म्हटलं काय चाललंय, कुठं काम करतेस?

“काय न्हाई सर, घरातच हाय.”

मी रकान्यात ‘घरी’ लिहिलं आणि फोन ठेवणार तेवढ्यात मागनं आवाज आला, ठक ठक, मधेच थांबून परत ठक ठक.

“हे काय वाजायलंय गं?”

“ते व्हय? पप्पा तळ ठोकायल्यात. मी वेण्या घालायलोय. परवा पन्नास जोड द्यायचं हाईत, पुण्याला.”

आमच्याकडं बायका पण ‘मी घालतो, मी येतो’च बोलतात, बाहेरचा माणूस दचकतो. पण मी दचकलो ते दुसऱ्याच कारणानं. पन्नास जोडांची ऑर्डर चालू असलेली पोरगी सांगतेय की काय न्हाई, घरातच हाय. मी रकान्यातलं ‘घरी’ खोडलं, गाडीला किक मारली आणि सुभाषनगर गाठलं.

दारातच चामड्याचा तो ओलसर वास. वडील पाटावर बसून काम करत होते, डोळे वर न करता म्हणाले, या सर. ही आत, मांडीवर पट्टा, शेजारी पाण्याच्या डब्यात भिजवलेल्या चामड्याच्या बारीक बारीक वाद्या. ती वेणी बघण्यासारखी असते. वादी ओली असतानाच ओढायची, वाळली की नखाला ऐकत नाही, आणि जास्त ओढली तर तुटते. बोलता बोलता तिची बोटं चालूच, वर-खाली, वर-खाली, बघायची गरजच नाही. उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी. या धंद्यात वेणी बायकांची आणि कापणं-ठोकणं पुरुषांचं अशी जुनी वाटणी आहे, आणि वेणी घालणारीला कुणी कारागीर म्हणत नाही, ती ‘मदत करते’. तिची आई मदत करायची, आजी मदत करायची.

आणि ही? हिनं कोर्समध्ये रापी, चामडं कापायचं हत्यार, हातात घेतली, कटिंग शिकली, पायाची मापं घेऊन पॅटर्न काढायला शिकली. या पन्नास जोडांची ऑर्डर तिनंच इन्स्टाग्रामवरनं मिळवलेली, मापं तिनं काढलेली, कापलेलं पण तिनंच. वडिलांनी तेवढं मधेच सांगितलं, “आधी म्हटलं चामडं वाया घालवंल ही. एक तळ वाया घालवला. एकच.” आणि परत ठोकायला लागले.

भिंतीवर पेपरातलं कात्रण चिकटवलेलं, २०२५ च्या जूनमधलं, मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं आपल्यासारखी चप्पल दाखवली होती ते. तेव्हा गावात केवढा गोंधळ झाला होता, शेवटी कंपनीनं प्रेरणा कोल्हापुरी चपलेचीच म्हणून मान्य केलं. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, तर आपल्याला आधीच मिळालाय, इकडचे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. मी कात्रणाकडं बघतोय बघून ती म्हणाली, “त्याचा फायदा झाला सर, लोक विचारत्यात आता, ओरिजनल काय म्हणून.”

मी म्हटलं, हे सगळं ठीक आहे, पण मला कागद पाहिजे. तू स्वतःचा धंदा करतेस हे मी लिहू कशाच्या जोरावर?

मग सुरू झालं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी. हे सरकारी आणि फुकट आहे, तरी तिच्याकडं कुणीतरी पाचशे मागितले होते म्हणून तिनं सोडून दिलं होतं. माझ्या मोबाईलवर साइट उघडली, आधार नंबर टाकला, ओटीपी गेला. कुठं गेला? आधारला नंबर जोडलेला भावाचा. भाऊ कुठं? चामडं आणायला बाहेरगावी, फोन नॉट रिचेबल. बसलो. चहा आला. दुसरा चहा आला. साडेपाचला भावाचा फोन लागला, तोवर पहिला ओटीपी कधीच मेलेला, परत पाठवला, त्यानं आकडे सांगितले ते तिनं उलटे ऐकले, परत पाठवला. मग पॅन, मग बँक खातं, मग धंद्याचा कोड. यादीत खाली खाली जात १५२०१ सापडला, चामड्याचे बूट, सँडल, चप्पल बनवणे. धंद्याचं नाव तेवढं राहिलं होतं, तिथं ती थांबली. वडिलांकडं बघितलं. ते खाली बघूनच म्हणाले, “तुझं टाक की. माझं कशाला?”

टाकलं. रिसीट आली तेव्हा अंधार पडला होता.

आता यातली गंमत अशी की त्याच दिवशी दुपारी चारला आमच्या ऑफिसातल्या क्लार्कनं, सर काही येत नाहीत बघून, टेबलावरच्या माझ्या कच्च्या यादीवरनं आकडा उचलला आणि अहवाल प्रेसला पाठवून दिला. त्या यादीत कागद आलेले १४. दुसऱ्या दिवशी तीनशे प्रती छापून, बांधून हजर. मी प्रेसला फोन केला तर म्हणाला, “सर, परत छापायचं असलं तर परत बिल होईल.” प्राचार्य म्हणाले राहू दे, एकानं काय फरक पडतोय.

मला पडत होता. संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी फाउंड्रीच्या यंदाच्या बॅचची सहा पोरं बोलावली, निळी पेनं दिली, बसलो तीनशे प्रती घेऊन. चाराचा पाच काही केल्या होत नाही हो, कसाही गिरवला तरी चार तो चारच दिसतो. शेवटी खोडून वर पाच लिहायचं ठरलं. पोरांनी विचारलं सर हा पंधरावा कोण, तर मी त्यांना सगळी कथा सांगितली, ठक ठक पासून धंद्याच्या नावापर्यंत. फेटलिंगवाल्याचं पण सांगितलं. त्यावर एकजण म्हणाला, मग सोळा करूया की सर. मी म्हटलं कागद आण, करतो.

संमेलनाला ती आली नाही, ऑर्डरची डिलिव्हरी होती. प्राचार्यांनी अहवाल वाचायला घेतला, पण हातातली प्रत नाही, स्क्रीनवरची स्लाइड बघून. आणि स्लाइड बदलायची राहिलेली, ती माझीच चूक. “उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी रोजगार मिळालेले, चौदा.”

मागनं सहाच्या सहा पोरं एका सुरात ओरडली, “पंधरा!”

हॉलमध्ये हशा झाला. प्राचार्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं, मग समोरची छापील प्रत उघडली, बोटानं ओळ शोधली, आणि परत वाचलं, “पंधरा.”

मागनं शिट्टी पडली.