एमजीबीचे वायरिंग आणि आतील काम : पावसाळ्यापूर्वीची नोंद

पत्र्याचे काम संपून गाडी वागळे इस्टेटमधून नौपाड्याच्या गॅरेजमध्ये परत आली आहे. आता काकांच्या १९६५ सालच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे वायरिंग आणि आतील काम हाती घेतले असून ही नोंद त्या दोन कामांपुरती आहे. गाडी इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली, १७९८ सीसी इंजिनची, कापडी टपाची रोडस्टर. सत्तरच्या दशकात एका परदेशी वकिलातीतील अधिकाऱ्याची ही गाडी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत काकांना मिळाली आणि त्यांच्या पश्चात ती माझ्याकडे आली. शेवटचे अनेक पावसाळे ती ताडपत्रीखाली उभी होती. या उभे राहण्याचा खरा फटका इंजिनापेक्षा वायरिंगला आणि सीटना बसला, कारण खाडीकाठच्या दमट हवेत तांबे काळे पडते, कातड्याला बुरशी धरते, आणि बंद गाडीत शिरलेले उंदीर हार्नेसचे (गाडीभर फिरणाऱ्या वायरींच्या एकत्र बांधलेल्या जुडग्याचे) सुती वेष्टण व सीटमधला भरणा दोन्ही कुरतडून त्यांचे घरटे करतात. डाव्या सीटच्या पाठीमागे तसे घरटे सापडले आणि त्यात हार्नेसच्या वेष्टणाचे धागे होते.

पहिला निर्णय हार्नेसचा होता. ज्यांना गाडी दाखवली त्या बहुतेक इलेक्ट्रिशियनांचे म्हणणे एकच होते : "साहेब, हे जुनं सगळं उपटून टाकू या, लाल आणि काळी अशा दोन वायरींत नवीन वायरिंग करून देतो, लाइट लागल्याशी कारण." लाइट लागतील यात शंका नाही, पण दहा वर्षांनी एखादा दिवा बंद पडला की तो शोधणाऱ्याला त्या लाल वायरींच्या जुडग्यात काहीही कळणार नाही. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत वायरचा रंगच तिचे काम सांगतो. तपकिरी वायर बॅटरीकडून थेट, फ्यूजशिवाय येते. पांढरी इग्निशनची चावी फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी चावीनंतरची पण फ्यूजमधून आलेली. जांभळी फ्यूजमधून आलेली आणि कायम जिवंत. निळी हेडलाइटची, लाल पार्किंग व टेललाइटची आणि काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली. मूळ रंगावरची बारीक रेघ पुढचा तपशील देते : निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे अप्पर, निळ्यावर लाल म्हणजे डिपर, हिरव्यावर लाल म्हणजे डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी म्हणजे उजवा. हा संकेत शाबूत असेल तर गाडीचा नकाशा गाडीतच राहतो, आणि माझ्या मते जुन्या गाडीत इंजिन नंबरच्या खालोखाल जपण्यासारखी गोष्ट हीच आहे. म्हणून हार्नेस बदलायचा, पण रंगास रंग, जाडीस जाडी आणि वळणास वळण ठेवून, असे ठरवले.

जुना हार्नेस अखंड बाहेर काढून प्लायवुडच्या फळीवर खिळ्यांच्या आधाराने पसरला. टोकांकडचे रंग ग्रीस आणि उन्हामुळे इतके विटले होते की तपकिरी, जांभळी आणि लाल यांत फरक कळत नव्हता. मात्र सुती वेष्टण वीतभर उसवले की आतली पीव्हीसी कारखान्यातून आल्यासारखी ताजी निघे. प्रत्येक फांदीपाशी असे छोटे उघडे तोंड करून रंग, रेघ आणि लांबी लिहून घेतली. डॅशबोर्डच्या मागे मात्र मूळ वायरिंगवर पन्नासेक वर्षांच्या दुरुस्त्यांचे थर होते : नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड, कुठल्याशा रेडिओची अर्ध्यात तोडलेली वायर, वायपरला पांढऱ्या वायरीवरून परस्पर दिलेला सप्लाय. या वायपरच्या जोडणीने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले, कारण या मॉडेलमध्ये इग्निशनच्या पांढऱ्या वायरीला फ्यूज नसतोच. वायपरची मोटर अडकली असती तर ठिणगीच्या कॉइलला आणि पेट्रोल पंपाला सप्लाय देणारी तीच वायर तापली असती.

नव्या हार्नेससाठी वायर घेताना बाजारात 'जाड' आणि 'बारीक' एवढ्यावर भागत नाही. जुनी इंची मापे आजच्या मेट्रिक मापांत सरळ बसतात : साध्या दिव्यांना ०.३० मिलिमीटरच्या १४ तारांची, म्हणजे साधारण १ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. हेडलाइटला २८ तारांची, म्हणजे २ चौरस मिलिमीटरची. आणि मुख्य तपकिरी वायरीला ४४ तारांची लागते. जोडांसाठी पितळी बुलेट (वायरीच्या टोकाला बसणारी गोळीच्या आकाराची टोपी) आणि रबरी स्लीव्ह हीच मूळ पद्धत कायम ठेवली. बुलेटला डाख द्यावा की ती पकडीने दाबावी यावर मतभेद आहेत. माझा कौल दाबण्याला आहे, कारण डाख तारांमध्ये वर चढतो, तेवढा भाग कडक होतो आणि गाडीच्या थरथरीने वायर नेमकी त्या कडक भागाच्या सीमेवर तुटते. जुन्या हार्नेसमध्ये मागून डाख दिलेले जे जोड होते, त्यांतले बरेच तिथेच तुटलेले मिळाले.

इथे ॲम्बॅसॅडरचे ऋण मान्य केले पाहिजे. तिचे १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचे इंजिन एकाच बी-सीरिज घराण्यातले, आणि तिचे बरेचसे विजेचे सामान मद्रासच्या लुकास-टीव्हीएसचे. त्यामुळे ठाण्यात टॅक्सी आणि सरकारी ॲम्बॅसॅडर दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या मेस्त्रींना तपकिरी आणि पांढऱ्या वायरीचा अर्थ विचारावा लागत नाही. माझ्या मदतीला आलेल्या मेस्त्रीकाकांनी हार्नेस फळीवर पाहिला, कटआउटच्या (डायनमोचे चार्जिंग सांभाळणाऱ्या पेटीच्या) पाच टोकांवर बोट ठेवून कोणत्या टोकाला कोणता रंग येणार ते न पाहता सांगितले, आणि मग म्हणाले, "ही आपलीच गाडी आहे, फक्त बुटकी."

दुसरा मोठा प्रश्न पॉझिटिव्ह अर्थचा होता. १९६७ सालच्या अखेरीस एमजीबीत अल्टरनेटर आला आणि गाडी निगेटिव्ह अर्थ झाली. त्याआधीच्या सर्व गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह टर्मिनल बॉडीला जोडलेला असतो. अनेक जण मोबाइल चार्जर, एलईडी किंवा स्टिरिओ बसवता यावा म्हणून उलटापालट करून घेतात, आणि ती अवघडही नसते : बॅटरीच्या केबल व कॉइलची टोके बदलायची, डायनमोचे फील्ड नव्या दिशेने चुंबकित करून घ्यायचे, आणि विजेवर चालणाऱ्या आरपीएम मीटरची जोडणी उलटवायची. मी मात्र पॉझिटिव्ह अर्थच ठेवली आहे. या गाडीत मला चार्जर नको आहे, आणि डायनमो, कटआउट, आरपीएम मीटर हे तिन्ही मूळचे शिल्लक असताना त्यांना हात लावण्याचे कारण दिसत नाही. धोका एकच आहे : रस्त्यात बॅटरी उतरली आणि मदतीला आलेल्याने सवयीने निगेटिव्ह केबल बॉडीला लावली तर अनर्थ होईल. म्हणून बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मराठीत आणि इंग्रजीत ठळक सूचना रंगवून घेतली आहे. मूळच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे, जमिनीखालच्या दोन खाचांत बसतात. त्या मापाच्या चांगल्या बॅटऱ्या मिळणे कठीण असल्याने एका खाचेत बारा व्होल्टची एकच बॅटरी बसवली. दुसरी खाच न कापता, ॲसिडने खाल्लेला पत्रा बदलून, तशीच राखली.

नवीन रंग दिलेल्या गाडीला अर्थ मिळत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवावी. रंग वीज अडवतो, त्यामुळे प्रत्येक अर्थच्या बोल्टखालचा रंग नाण्याएवढ्या वर्तुळात घासून चकचकीत पत्रा उघडा केला, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घट्ट केले आणि वरून व्हॅसलीनचा थर दिला. तपासणी दिवा पेटवूनच करायची : मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलला आणि दुसरे दिव्याच्या बॉडीला लावले तर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसता कामा नये. मागच्या उजव्या दिव्याला ०.६ दिसत होता. डिकीतला एक बोल्ट पुन्हा घासल्यावर तो ०.०४ वर आला.

पहिल्यांदा वीज सोडताना बॅटरी थेट जोडली नाही. बॅटरीच्या केबलमध्ये बारा व्होल्ट, २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब मालिकेत लावला. हार्नेसमध्ये कुठे शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊच देत नाही. वायर जळण्याआधीच दोष समजतो. सर्व स्विच बंद असताना बल्ब विझलेला राहिला. मग एकेक स्विच लावत गेलो आणि त्या-त्या भाराप्रमाणे बल्ब मंद किंवा प्रखर होत गेला. हॉर्नचे बटन सोडवूनही तो तसाच उजळ राहिला, तेव्हा स्टिअरिंगच्या खांबात चेपलेली वायर सापडली. कामाला लागलेल्या प्रत्येकाने हा बल्ब खिशात ठेवावा असे मनापासून सांगतो.

मूळ योजनेत दोनच बदल केले, आणि दोन्ही वायर न तोडता उलटवता येतील असे. या गाडीत ३५ अँपिअरचे दोनच फ्यूज असतात आणि हेडलाइटला फ्यूज नसतो. म्हणून हेडलाइट व पार्किंगच्या वाटेत बुलेटमध्येच बसणारे स्वतंत्र फ्यूज घातले. दुसरा बदल रिलेचा, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा. मूळ जोडणीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि पायाने दाबायच्या डिपर स्विचमधून फिरून येतो. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते तेव्हा बल्बपाशी १०.९ भरले, रिले बसवल्यावर तेच १२.३ झाले. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो, म्हणजे आधीचा प्रकाश आताच्या दोनतृतीयांश होता. घोडबंदर रोडवर रात्री चालवताना हा फरक फार मोठा आहे. पॉझिटिव्ह अर्थवाल्यांनी रिले घेताना आत डायोड नसलेलाच घ्यावा, नाहीतर उलट्या दिशेने तो शॉर्ट होतो.

आतल्या कामात सर्वांत जास्त वेळ सीटनी घेतला. मूळची सीट काळ्या कातड्याची, कडांना लाल गोट, आणि न घासल्या जाणाऱ्या बाजूंना रेक्झिन. धारावीतून उत्तम कातडे मिळते आणि दोन्ही सीट नव्याने मढवणे सोपे झाले असते, पण कातड्याला भेगा असल्या तरी ते कुजलेले नव्हते. बुरशी कोरड्या मऊ ब्रशने मोकळ्या हवेत झटकली, खोगिराच्या साबणाने धुतले, सावलीत वाळवले, आणि तेल दिवसाआड अगदी थोडे-थोडे जिरवले; एकदम भरपूर तेल दिले तर शिवणीचा दोरा सैल पडतो. ड्रायव्हरच्या सीटची एक पट्टी फाटली होती. कुशनवाल्यांनी ती पाठीच्या न दिसणाऱ्या भागातले जुने कातडे काढून बदलली आणि त्या जागी नवे घातले, त्यामुळे समोरून सगळे कातडे एकाच वयाचे दिसते. जुन्याच छिद्रांतून हाताने टाके घालताना त्यांना मी तासभर पाहत बसलो होतो. सुई आत जाण्यापूर्वी ते अंगठ्याने छिद्र चाचपत, आणि छिद्र ताणलेले वाटले तर तिथे दोरा दुहेरी करत. फोम मात्र पूर्ण नवा आहे.

दारांचे हार्डबोर्ड दमटपणाने फुगून वाकले होते. त्यांच्या जागी तीन मिलिमीटरचे मरीन प्लाय त्याच मापात कापून, क्लिपांची भोके जुन्या बोर्डावरून उतरवून, वर मूळच्या पोताचे रेक्झिन चिकटवले. गालिच्याखाली मूळचे फेल्ट घातले नाही. ते पाणी धरून ठेवते आणि आमच्या पावसात जमिनीचा पत्रा त्याखाली गुपचूप गंजतो. पाणी न शोषणारा फोम घातला असून गालिचा बटणांवर आहे, म्हणजे उचलून वाळवता येईल. डॅशबोर्डचा पत्रा सुरकुत्यांच्या काळ्या रंगाचा असतो. हा रंग जाड थरांत मारून उष्णता दिली तरच सुरकुत्या एकसारख्या पडतात, आणि हवेत दमटपणा असला की त्या विरळ होतात. म्हणून ते काम फेब्रुवारीतच उरकून घेतले.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो आणि नोंदणी दहा वर्षे चालते, पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला चालत नाही आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. हा अर्ज आतील काम संपल्यावर करणार आहे.

सध्या पेट्रोलचा काटा नीट चालतो. त्याला सप्लाय देणारा स्टॅबिलायझर बायमेटल पट्टीचा असून तो सरासरी दहा व्होल्ट देतो. मल्टिमीटरवर आकडा नाचतो, त्याने घाबरू नये, टेस्ट लॅम्प उघडझाप करत असेल तर तो ठीक आहे. आरपीएम मीटर मात्र अडीच हजारांच्या पुढे उड्या मारतो. त्याच्या मागून जाणाऱ्या पांढऱ्या वायरीच्या वेढ्याची दिशा तपासली, ती बरोबर आहे. म्हणजे आतला जुना कपॅसिटर गेला असावा. मीटर उघडून त्याच मूल्याचा नवा बसवायचा आहे. त्यानंतर डायनमो २२ अँपिअर भरतो का ते सर्व दिवे लावून पाहायचे, आणि मग टपाचे कापड.