आवाज करणाऱ्याकडे नको, ऐकणाऱ्याकडे बघा

‘प्राणी एकमेकांशी खरंच बोलतात का हो?’ प्राण्यांच्या आवाजांवर लिहायला लागल्यापासून हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून सांगते. आवाज कोण काढतंय हे सोडा, तो ऐकून दुसरा काय करतो ते बघा.

केनियातल्या अंबोसेलीमध्ये व्हर्वेट माकडं राहतात. बिबट्या, गरुड आणि साप, तिघांसाठी त्यांचे इशारे निरनिराळे. रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी हे इशारे टेप केले आणि आसपास एकही शिकारी नसताना टोळीला ऐकवले. बिबट्याचा इशारा वाजला, की माकडं झाडावर पळत. गरुडाचा वाजला, की माना वर करून आभाळ न्याहाळत. सापाचा वाजला, की खाली बघत. १९८० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बिबट्या नव्हता, गरुड नव्हता, होता तो फक्त आवाज. ती नुसती घाबरल्याची किंकाळी असती, तर तीन आवाजांवर माकडं तीन तऱ्हांनी कशाला वागली असती?

मला त्यातली पिल्लं जास्त आवडतात. मोठी माकडं गरुडाचा इशारा देतात ती मुख्यतः झडप घालणाऱ्या मार्शल गरुडासाठी. पिल्लं मात्र कुठलाही पक्षी दिसला तरी तोच इशारा देतात, पण चुकूनही बिबट्याचा नाही. म्हणजे ‘वरून येणारं काहीतरी’ एवढी समज त्यांना आधीपासून असते. नेमकं कोणाला घाबरायचं, ते वाढता वाढता कळतं.

जपानमध्ये तोशिताका सुझुकी यांनी रामगंगेच्या जातकुळीतल्या एका चिमुकल्या पक्ष्यावर काम केलं. त्याची एक हाक ‘सावध, आजूबाजूला बघा’ अशी, दुसरी ‘इकडे या’ अशी. दोन्ही त्या क्रमाने लागोपाठ ऐकवल्या, की पक्षी मान वळवून टेहळणी करतात आणि जवळही येतात. क्रम उलटा केला, की फारसं कोणी दाद देत नाही.

याला भाषा म्हणावं का, यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत. मी ‘आपल्यासारखी भाषा’ म्हणणार नाही. पण या आवाजांना अर्थ आहे आणि तो ऐकणाऱ्याला कळतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

म्हणूनच आपल्या गोंगाटाचा मला राग येतो. समुद्रात नजर फार लांब पोचत नाही, देवमासे एकमेकांना धरून असतात ते आवाजाने. जहाजांच्या इंजिनांची घरघरही त्यांच्या आवाजासारखीच खालच्या पट्टीतली. अमेरिकेवरच्या सप्टेंबर २००१ मधल्या हल्ल्यांनंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजांची ये-जा एकदम रोडावली आणि पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलने उतरला. त्याच दिवसांत तिथल्या ‘राइट’ जातीच्या देवमाशांच्या विष्ठेत ताणाच्या हार्मोन्सचं प्रमाणही घटलेलं आढळलं.