एस की झेड

वसईला गेले की मावशी विचारते, मनिलाच्या ऑफिसात नव्याने आलेली पुण्याची मुलं विचारतात, एकदा विमानात शेजारच्या काकांनीसुद्धा विचारलं होतं. प्रश्न एकच. ही फिलिपिन्सची माणसं दिसायला आशियातली, जेवण भात-मासे, मग नावं सगळी गार्सिया, क्रूझ, सांतोस कशी काय, आणि ती घरी स्पॅनिश बोलतात का? आता परत एकदा विचारलंत म्हणून नीट बसून लिहितेय, कारण चहा संपायच्या आत देता येईल असं उत्तर नाहीये हे.

आधी माझंच सांगते. मी वसईची, आडनाव रॉड्रिग्ज, घरी कादोडी ही वसईची बोली बोलतो, बाहेर मराठी. आमच्या रॉड्रिग्जच्या शेवटी इंग्रजीत एस येतो कारण ते पोर्तुगीजांकडून आलं, आणि इथल्या रॉड्रिग्जच्या शेवटी झेड, कारण ते स्पॅनिशांकडून. हा फरक मला माहीत पण नव्हता, पहिल्या महिन्यात बँकेत खातं उघडायला गेले तेव्हा कळला. फॉर्मवर मिडल नेमच्या जागी मी सवयीने पप्पांचं नाव लिहिलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, मॅम हे तुमच्या आईचं आडनाव ना? इथे मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, बापाचं नाव मध्ये कोण लावतं! मी समजावेपर्यंत तिने टाइप करून टाकलं होतं, म्हणजे माझे पप्पा त्या दिवसापासून बँकेच्या हिशोबाने माझ्या आईचं माहेर झाले. मग ती म्हणाली, रॉड्रिग्ज, शेवटी झेड ना? मी म्हटलं एस. शुअर? आता मी इकडे यायच्या आधी उगाच उत्साहाने फोनवर तीन महिने स्पॅनिश शिकले होते, तर ऐटीत म्हटलं, ‘सेगूरो!’ म्हणजे नक्की. ती जरा थांबली, हसली, आणि तिने झेड लिहिला.

कारण टागालोगमध्ये, म्हणजे इथल्या लोकांच्या भाषेत, ‘सिगूरो’ म्हणजे ‘कदाचित’.

शब्द तोच, स्पॅनिशमधून आलेला, पण इथल्या लोकांनी त्याचा अर्थ फिरवून ठेवलाय. का फिरला ते मी ज्याला विचारलं त्याने वेगळं सांगितलं. मला आवडलेलं उत्तर ऑफिसातल्या एका सीनियर बाईंचं, की स्पॅनिश साहेब ‘नक्की, नक्की’ म्हणायचा आणि काम काही व्हायचं नाही, मग आम्ही काय समजणार? इतिहास म्हणून याला काडीचा आधार नाही, पण सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुठल्याही माणसाला पटेल.

तर पहिलं उत्तर, नाही, ते स्पॅनिश बोलत नाहीत. १५६५ मध्ये लेगास्पी नावाचा स्पॅनिश सरदार आला आणि १८९८ मध्ये स्पेन गेलं, ३३३ वर्षं झाली, पण घराघरात स्पॅनिश कधी पोचलीच नाही. पाद्री लोकांनी उलटा मार्ग धरला, स्वतःच इथल्या भाषा शिकले. १५९३ मध्येच मनिलात टागालोगमधून धर्माचं पुस्तक छापलं, त्यात इथली जुनी लिपी पण होती. आपल्याला यात नवल वाटू नये, फादर स्टीफन्सने गोव्यात बसून मराठीत ख्रिस्तपुराण रचलं ते त्याच हिशोबाने. गावोगावी स्पॅनिश शिकवणाऱ्या सरकारी शाळांचा हुकूम निघाला थेट १८६३ मध्ये, आणि पस्तीस वर्षांत अमेरिकन आले ते इंग्रजी घेऊन. त्यामुळे आज गंमत अशी की होसे रिझाल हा यांचा सगळ्यात मोठा राष्ट्रपुरुष, त्याला स्पॅनिशांनी ३० डिसेंबर १८९६ ला गोळ्या घातल्या, त्याने त्यांच्याविरुद्ध कादंबऱ्या लिहिल्या त्या स्पॅनिशमध्येच, आणि इथली शाळकरी मुलं त्या भाषांतरात वाचतात. मुख्यतः दक्षिणेत झाम्बोआंगाला चावाकानो म्हणून एक भाषा आहे ती स्पॅनिश आणि स्थानिक भाषांची खिचडी, ती मात्र लोक खरंच घरात बोलतात.

मग नावं कशी? लोकांना वाटतं स्पॅनिशांशी लग्नं झाली असतील. अगदी थोडी झाली. खरं कारण इतकं कारकुनी आहे की सांगितलं तर मावशीचा विश्वास बसत नाही. बाप्तिस्मा झाल्यावर लोक आपल्या मर्जीने संतांची, क्रुसाची नावं लावायचे, दे ला क्रूझ, दे लोस सांतोस, एकेका गावात तीच चार नावं, आणि सख्ख्या भावांची आडनावं पण वेगळी. कर कुणाकडून घ्यायचा, वेठीला कुणाला धरायचं, कोर्टात कुणाला बोलवायचं, सगळा घोळ. तेव्हा क्लावेरिया नावाच्या गव्हर्नरने २१ नोव्हेंबर १८४९ ला हुकूम काढला आणि आडनावांचं एक कॅटलॉग छापलं. खरंच कॅटलॉग, अल्फाबेटप्रमाणे, साधारण ६१,००० आडनावं. त्याची पानं गावागावांत वाटली आणि प्रत्येक कुटुंबप्रमुखाने त्यातलं एक उचलायचं. ज्यांचं आडनाव चार पिढ्या चालत आलं होतं त्यांना ते ठेवता आलं.

आता पानं फाडून वाटली की काय होणार, एका गावात एकाच अक्षराची आडनावं. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी बिकोलमधल्या ओआस गावची. तिने मला फोनवर तिच्या शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप दाखवला, मी बोटाने स्क्रोल करत गेले, आर, आर, आर, मध्ये एखादा लग्न होऊन आलेला एम, परत आर. म्हणते, शाळेत हजेरी सुरू झाली की आमच्याकडे ‘मी शेवटी आहे’ म्हणून निवांत बसायची सोयच नव्हती. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुठल्या कारकुनाने कुठलं पान त्या गावाला दिलं ते आजही हजेरीपटावर दिसतं. आणि त्या कॅटलॉगमध्ये सगळी स्पॅनिश नावं नव्हतीच, इथली झाडं, वस्तू, साधे टागालोग शब्द पण होते, त्यामुळे ‘सगळ्यांना स्पॅनिश नावं चिकटवली’ हे पण पूर्ण खरं नाही.

हाच क्लावेरिया आणखी एका गोष्टीसाठी मला आवडतो, म्हणजे आवडतो हा शब्द चुकीचा आहे पण असो. फिलिपिन्सचा कारभार त्याच्या आधी मेक्सिकोमार्फत चालायचा, मनिला ते आकापुल्को जहाजं जायची, १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं. त्यामुळे इथली तारीखही अमेरिका खंडाच्या बाजूची होती, शेजारच्या मकावच्या एक दिवस मागे. मेक्सिको सुटल्यावर याला काही अर्थ राहिला नाही, तर क्लावेरियाने १८४४ मध्ये ३० डिसेंबरनंतर थेट १ जानेवारी १८४५ करून टाकली. ३१ डिसेंबर १८४४ हा दिवस या देशात उगवलाच नाही. अख्ख्या देशाचा थर्टी फर्स्ट खाल्ला राव या माणसाने.

त्या जहाजांमुळे इथल्या भाजीबाजारात जितकं स्पेन आहे त्यापेक्षा मेक्सिको जास्त आहे. रताळं म्हणजे ‘कमोते’, चायोटे ही भाजी म्हणजे ‘सायोते’, छोट्या बाजाराला ‘त्यांगे’, हे तिन्ही शब्द मुळात मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतले, स्पॅनिशांनी नुसते वाहून आणले. उलट बाजूने आंबा गेला, मेक्सिकोत आजही एका जातीच्या आंब्याला ‘मनिला’ म्हणतात. (हापूसशी तुलना करू नका, मी दोन्ही खाल्लेत, आणि मला दोन्हीकडे राहायचंय.)

गावांच्या नावांचं तर विचारूच नका. देशाचंच नाव एका स्पॅनिश राजपुत्राचं. १५४३ मध्ये व्हिलालोबोस नावाच्या स्पॅनिश दर्यावर्दीने दोन-चार बेटांना फेलिपेचं नाव दिलं, तो पुढे राजा दुसरा फिलिप झाला, आणि नाव सगळ्या बेटांना लागलं. सेबूमध्ये टोलेडो आहे, कॉर्डोव्हा आहे, उत्तरेला नुएव्हा एसिहा म्हणजे नवं एसिहा, गरम पाण्याचे झरे दिसले तर लोस बान्योस म्हणजे न्हाणीघरं, आणि सान अमुक सांता तमुक तर इतकी की गुगल मॅपवर प्रांताचं नाव टाकल्याशिवाय रिक्षा पण करू नये. पण सगळी टिकली असं नाही. महाराष्ट्रातली बरीच मुलं डॉक्टर व्हायला दावावला जातात, ते दावाव ओयांगुरेन नावाच्या स्पॅनिश माणसाने १८४८ मध्ये घेतलं आणि स्वतःच्या गावावरून नुएव्हा व्हेर्गारा नाव ठेवलं. लोक म्हणाले बरं. आणि दावावच म्हणत राहिले, १८६७ मध्ये कागदावर पण दावाव झालं. मी राहते ते मकाती पूर्वी सान पेद्रो दे मकाती होतं, १९१४ मध्ये संत गळून पडले. मकातीत आता लेगास्पी व्हिलेज आणि साल्सेदो व्हिलेज आहे, दोघं जिंकायला आलेले सरदार, आज त्यांच्या नावावर भाडी वसूल होतात.

आणि त्या फिलिप राजाच्या नावाचं काय झालं? टागालोगला ‘फ’ चं वावडं, जुने लोक सरळ ‘प’ म्हणतात. देश झाला पिलिपिनास. फिएस्टाचं झालं पिस्ता, म्हणजे आमच्या वसईत फेस्त आणि इकडे पिस्ता, दोन्हीकडे संताची मिरवणूक, बँड आणि डुकराचं मटण. ख्रिसमसचा कंदील स्पॅनिशमध्ये फारोल, इकडे पारोल.

नाव बदलायची हुक्की यांनाही येते, नामांतराचं आपल्याला काय नवल. २०१९ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष दुतेर्ते म्हणाले की परक्या राजाचं नाव काढून ‘महार्लिका’ ठेवूया. आता महार्लिका कुठून आला, तर संस्कृतातल्या महर्द्धिकवरून! स्पॅनिशांच्या कितीतरी आधी हे शब्द समुद्रावरून येऊन बसलेत, शिक्षकाला ‘गुरो’, चेहऱ्याला ‘मुखा’, आशेला ‘आसा’. मॅगेलन १५२१ मध्ये सेबूला उतरला तेव्हा स्वागताला होता तो राजा हुमाबोन, राजा म्हणजे आपलाच राजा. काही आठवड्यांत, २७ एप्रिलला, समोरच्या माक्तान बेटावर तिथला सरदार लापुलापु याच्या माणसांनी मॅगेलनला मारलं. तिथे गेले होते मी. एकाच बागेत स्पॅनिशांनी १८६६ मध्ये उभारलेलं मॅगेलनचं स्मारक आहे आणि जवळच लापुलापुचा पुतळा, कुणी कुणाला पाडलेलं नाही. बाहेर हॉटेलात मेनूवर लापुलापु. तो एक मासा पण आहे, हेकरूच्या जातीतला, आल्यात वाफवून देतात, छान लागतो.

या सगळ्यात ‘बिचाऱ्यांची स्वतःची ओळखच राहिली नाही’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं सटकतं, कारण हेच वाक्य मी मुंबईच्या लोकलमध्ये ऐकून मोठी झालेय, आडनाव रॉड्रिग्ज असून मराठी इतकं चांगलं कसं म्हणून. वसई पोर्तुगीजांकडे १५३४ ला गेली आणि १७३९ ला चिमाजीअप्पांनी घेतली. मधली साठ वर्षं, १५८० ते १६४०, पोर्तुगाल आणि स्पेनचा राजा एकच होता, सुरुवातीला तर तोच तो फिलिप. म्हणजे ज्याच्या नावाचा हा देश, तो आमच्या वसईचाही राजा होता. आणि आमचे संत गोन्सालो गार्सिया जन्मले वसईत, फ्रान्सिस्कन झाले मनिलात, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले. ही गोष्ट मी ऑफिसात सांगितली तर सगळे म्हणाले, गार्सिया? मग आमचाच!

हे सगळं मी गेल्या मे महिन्यात मावशीला सांगितलं, जेवताना, एक तास. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, म्हणजे एवढी वर्षं राहून त्यांना स्पॅनिश येत नाही?

म्हटलं, मावशी, आपल्याला तरी पोर्तुगीज कुठे येते.

“आपल्याला कशाला येईल?”

मग चावी, पगार, पाव, काजू हे काय?

“ते?” मावशी म्हणाली. “ते तर आपलेच शब्द आहेत.” आणि पाव पुढे केला.