विमानाच्या टाकीत वीज: सुरुवात कुठून करायची?

मी विमानाच्या इंधन यंत्रणेवर काम करते, त्यामुळं सोलापुरात लग्नकार्याला आले की इलेक्ट्रिकल शिकणारं एखादं पोर, नाहीतर त्याचे वडील, मला गाठतातच. ‘‘विमानाच्या इंधन यंत्रणेत इलेक्ट्रिकलवाल्याचं काय काम? आणि तिथं शिरायचं कसं?’’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काम पुष्कळ आहे. टाकीतले पंप विजेवर चालतात, झडपा मोटरवर उघडतात. पण माझा जीव आहे मोजमापात. टाकीत एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांचे प्रोब, म्हणजे मोजणारे दांडे, असतात; चक्क कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा घटक. फटीतल्या पदार्थामुळं ही साठवण किती पट होते, तो डायइलेक्ट्रिक स्थिरांक: हवा असली तर 1, इंधन चढलं की साधारण 2.1. त्यावरून पातळी कळते. विमान कललं की पातळीही तिरकी होते, म्हणून एका टाकीत बरेच प्रोब लागतात. शिवाय कॉकपिटमध्ये आकडा दाखवायचा तो वजनाचा, कारण तापमानाबरोबर इंधनाची घनता बदलते. तळाशी पाणी साचलं तर आणखी पंचाईत, पाण्याचा स्थिरांक ऐंशीच्या घरात.

आणि हे सगळं कशाच्या शेजारी करायचं, ते बघा. जेट ए-1 या विमान इंधनाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, किमान 38 अंश. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारासुद्धा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या विमानाच्या रिकामी होत आलेल्या टाकीत पेट घेईल अशी वाफ तयार होऊ शकते, आणि त्याच टाकीत आपण वायर सोडलेली असते. 17 जुलै 1996 रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलं टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं फ्लाइट 800 हे बोइंग 747 हवेत फुटलं, 230 माणसं गेली. मधली टाकी जवळजवळ रिकामी होती आणि खालच्या वातानुकूलन यंत्रांनी तापलेली होती. ठिणगी नेमकी कुठून आली ते सिद्ध झालं नाही. तपासात सर्वांत शक्य मानलं गेलं ते असं, की टाकीबाहेर शॉर्ट सर्किट होऊन जादा व्होल्टेज मोजमापाच्या वायरींतून आत शिरलं. आज आत जाणाऱ्या सर्किटची ऊर्जा, बिघाड धरूनही, 200 मायक्रोज्यूलच्या आत, म्हणजे वाफ पेटणार नाही इतकी कमी, राहील अशी रचना करतात. हा अपघात ज्याला नीट समजला, त्याला या कामाचं गांभीर्य वेगळं शिकवावं लागत नाही.

आता वाटेचं बोलू. इथं पालक हमखास गल्लत करतात. एएमई म्हणजे विमान देखभालीचा, डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) परवाना. चांगला रस्ता आहे, पण वेगळा. रचनेच्या कामाला इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची बीई लागते, आणि ती सोलापुरातून झाली तरी काही अडत नाही. पुढं मात्र गाव सोडावं लागेल: बंगळुरूला एचएएल (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) आणि एडीए (एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी) या सरकारी संस्था आहेत, एचएएलच्या लखनौ विभागात इंधन यंत्रणेची उपकरणं बनतात, खासगी कंपन्यांची डिझाइन केंद्रं पुण्यात आणि बंगळुरूत आहेत. ‘एव्हिएशन’ नाव लावलेल्या महागड्या सर्टिफिकेट कोर्सवर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली नोकरी निवडायला मिळालीच, तर टेस्टिंग घ्या. डीओ-160 या विमान उपकरणांच्या मानकाच्या चाचण्यांत उपकरण थंडीत गोठतं, थरथरतं, विजेचे झटके खातं. शील्ड (वायरीवरचं धातूचं आवरण) कुठं अर्थ केली, म्हणजे जमिनीला जोडली, यावर रीडिंग कसं हलतं, हे तिथं हाताला कळतं. ते कळल्यावर केलेलं डिझाइन टिकतं.

आणि आत्ताच काही करायचं असेल, तर तांब्याच्या लहानमोठ्या दोन नळ्या घ्या, एकात एक बसवा, एकमेकींना टेकू देऊ नका. डब्यात करडईचं तेल भरा. रॉकेल अजिबात नको. बॅटरीवर चालणारा कपॅसिटन्स मीटर जोडा. पातळी बदलून, डबा कलता करून, तेल कोमट करून रीडिंग घ्या आणि वहीत तारखेनिशी लिहा. एकदा नुसती वायर हलवून पाहा, आकडा का बदलला ते शोधा. मुलाखतीला ती वही घेऊन जा. समोर बसते तेव्हा मी पहिले प्रश्न असल्या वहीवरचेच विचारते.