केस पेपरवर 'सकस आहार घ्या' लिहून भागत नाही: टीबीच्या रुग्णापर्यंत अन्न पोहोचवण्याचा अनुभव

टीबीच्या रुग्णाला औषध फुकट मिळतं, तपासणी फुकट होते आणि आहाराबद्दल मात्र डॉक्टर एक ओळ लिहून देतात. ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत काम करताना आमचं मत पक्कं झालं आहे. अन्न हे उपचाराचाच भाग आहे, म्हणून त्यालाही मात्रा हवी, पुरवठा हवा आणि पुढच्या तारखेला तपासणी हवी. खाली लिहिलं आहे ते हे सगळं बसवताना काय करावं लागतं आणि ते कुठे अडतं याबद्दल.

सुरुवात प्रश्नापासून होते आणि पहिली अडचणही तिथेच येते. 'जेवण नीट होतं ना?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, 'होतंय की.' घरात धान्य नाही हे कुणी चारचौघांत सांगत नाही, आणि सासू किंवा नवरा शेजारी उभा असेल तर बाई मुळीच सांगत नाही. म्हणून वजन करायच्या निमित्ताने रुग्णाला बाजूला घ्यायचं आणि ठोस विचारायचं. काल उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय गेलं? गेल्या महिन्यात धान्य संपलं आणि आणायला पैसे नव्हते, असं झालं का? घरात माणसं किती, आणि तेल कसं आणता, लिटरने की रोजच्या रोज छोटी पिशवी? रोज दहा-वीस रुपयांचं तेल येत असेल तर पुढचं फार विचारावं लागत नाही. हा प्रश्न लाज वाटू न देता खरं सांगायला लावतो, म्हणून आम्ही तो कधी गाळत नाही.

मग वजन, उंची आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती आहे ते सांगणारा आकडा) केस पेपरवर लिहायचा. १८.५ च्या खाली असेल तर रुग्ण कुपोषित. १६ च्या खाली असेल तर गंभीर. १४ च्या खाली असेल, किंवा पायावर सूज आहे, उभं राहवत नाही, धाप लागते अशी स्थिती असेल, तर घरी पाठवायचं नाही, दाखल करायचं. इतक्या खंगलेल्या माणसाला एकदम भरपेट खायला घालणं धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदयावर ताण पडतो. आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), मग थोडं थोडं अन्न आणि काही दिवसांत हळूहळू वाढ, असा क्रम ठेवावा लागतो. नातेवाइकांना हे समजावून सांगावं लागतं, कारण ते मायेने डबा भरून आणतात.

वजनाचं लक्ष्यही आकड्यात द्यावं. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रेशन्स' अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे ४० किलोच्या माणसाला दोन महिन्यांत ४२ वर आणायचं. हे रुग्णाला समजतं आणि आशाताईंनाही तपासता येतं. गोळ्यांची मात्राही वजनावरच ठरते. ३५ ते ४९ किलोला रोज ३ गोळ्या, ५० ते ६४ किलोला ४. वजन वाढून रुग्ण वरच्या गटात गेला आणि कुणी काटा पाहिलाच नाही, तर औषध कमी पडतं.

आता पैसे. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी खात्यात पैसे देणारी सरकारची निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ पासून आहे. महिना ५०० रुपये मिळत होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. सहा महिन्यांच्या उपचारात ३००० चे दोन हप्ते येतात: पहिला निदानानंतर, दुसरा उपचाराचे ८४ दिवस झाल्यावर. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यालाही हा हक्क आहे, पण त्या डॉक्टरांनी निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद केली असेल तरच. टीबीच्या रुग्णाची नोंद २०१२ पासून बंधनकारक आहे. ती केली नाही तर रुग्णाच्या ताटातले पैसे जातात, हे खासगी दवाखान्यातल्या मित्रांना मी पुन्हा पुन्हा सांगतो.

नोंद झाली तरी पैसे अडकतात, आणि अडकायची कारणं ठरलेली आहेत. खातं बरेच महिने वापरात नसल्याने बंद पडलेलं असतं किंवा त्याची केवायसी संपलेली असते. आधारवर नावापुढे 'बाई' आणि पासबुकावर नुसतं नाव असतं. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड आता चालत नाही. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली, पण पासबुकं अजून जुनीच सापडतात. म्हणून पासबुकाचा फोटो काढून समाधान मानायचं नाही. शेवटचा व्यवहार कधीचा आहे ते बघायचं, मोबाईल नंबरला लगेच एक फोन लावून तो लागतो का ते पाहायचं आणि आठवड्याभरात एसटीएसकडून (तालुक्याच्या टीबी उपचार पर्यवेक्षकाकडून) खातं पडताळणीत पास झालं का ते विचारायचं. खातंच नसेल तर रक्ताच्या नातेवाइकाचं खातं लेखी संमतीने देता येतं. निक्षयचा १८००-११-६६६६ हा टोल फ्री नंबर केस पेपरच्या मागे लिहून द्यावा.

हजार रुपयांत काय घ्यायचं, हेही सांगावं लागतं. नाहीतर टॉनिकची बाटली किंवा प्रोटीन पावडरचा डबा येतो आणि पैसे संपतात. आम्ही महिन्याची यादी लिहून देतो: शेंगदाणे दीड किलो, तूरडाळ दीड किलो, तेल एक लिटर, फुटाणे एक किलो, गूळ एक किलो, अंडी तीस. साध्या किराणा दुकानात हे साधारण हजाराच्या आत बसतं. त्यातून रोज सुमारे हजार कॅलरी आणि ३५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. ज्वारी, गहू, तांदूळ रेशनचे. अंडं चालत नसेल तर शेंगदाणे वाढवायचे. किनारपट्टीला सुकट, जवळा स्वस्त पडतो. गोळ्यांनी मळमळत असेल तर दोन घास खाऊन घ्या म्हणावं. उपाशीपोटी ओकारी येते म्हणून गोळ्या सोडणारे रुग्ण पुष्कळ आहेत.

पण ही यादी एकट्याच्या पोटात जात नाही. लेकरं समोर बसलेली असताना आई एकटी अंडं खाणार नाही, आणि तिने खावं असा आग्रह धरणं मला पटत नाही. म्हणून घराचाच विचार करायला हवा. त्याच झारखंडच्या अभ्यासात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, आणि लहान मुलांना त्याच्या निम्मं दिलं, तेव्हा घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. निक्षय मित्रांच्या, म्हणजे टीबीच्या रुग्णाला मदत करायला पुढे आलेल्या व्यक्ती-संस्थांच्या, शिध्यात आता घरच्यांनाही धरता येतं. मोठ्या माणसाच्या शिध्यात ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, २५० ग्रॅम तेल आणि १ किलो दूध पावडर किंवा शेंगदाणे असावेत, असं सुचवलेलं आहे. रुग्णाची संमती मात्र आधी घ्यायची, आणि शिधा घेण्याची संमती म्हणजे फोटोची संमती नव्हे. गावात फोटो फिरला की पुढच्या महिन्यात तो माणूस शिधा घ्यायलाच येत नाही. देणाऱ्याकडून सहा महिन्यांचा शब्द घ्यावा. एकदाच येणाऱ्या पिशवीने वजन वाढत नाही.

रेशनचं काम सर्वांत चिवट, पण तेच सर्वांत टिकाऊ. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. केशरी कार्ड हातात आहे म्हणजे धान्य मिळतंच असं नाही; त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का लागतो. म्हणून 'कार्ड आहे का' एवढंच न विचारता कार्डाचा बारा अंकी क्रमांक आणि रेशन दुकानातल्या मशीनमधून निघालेली शेवटची पावती बघावी. त्यावर किती माणसांचं धान्य आलं ते दिसतं. लग्न होऊन आलेली सून आणि लहान मुलं बहुतेक वेळा त्यात नसतात. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झाल्याशिवाय सासरी चढत नाही, आणि त्या एका दाखल्यावर महिने जातात. बीडहून ऊसतोडीला आलेल्यांना कारखान्याच्या गावातल्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं, हे अनेकांना माहीतच नसतं. कोयत्याने बोटं झिजल्यामुळे अंगठा लागला नाही, तर डोळ्यांचं स्कॅन किंवा ओटीपीचा मार्ग मागावा. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ वर तक्रार करता येते.

कमावता माणूसच आजारी असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज त्याच वेळी भरून घ्यावा. त्यात टीबी, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स हे आजार येतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. २०२३ पासून महिना १५०० रुपये आहेत. अर्ज तहसीलला जातो, पण अडतो तो वैद्यकीय दाखल्यावर. 'पल्मोनरी टीबी, ऑन ट्रीटमेंट' एवढंच लिहिलेला दाखला परत येतो. आजाराचं नाव, उपचार कधी सुरू झाला, आणि या आजारामुळे रुग्ण मजुरी करू शकत नाही हे वाक्य, हे सगळं सरकारी रुग्णालयाच्या शिक्क्यासह वाचता येईल अशा अक्षरात हवं. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते डॉक्टरांशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही.

टीबीबरोबर मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. महिनाअखेर घरात एकच वेळ चूल पेटत असेल आणि साखरेची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन ठरल्याप्रमाणे चालू असेल, तर साखर एकदम खाली जाते. 'जेवण नाही तर साखरेची ही गोळीही नाही, लगेच फोन करा' असं स्पष्ट सांगावं, आणि इन्सुलिन आपल्या मनाने पूर्ण बंद करायचं नाही हेही. मात्रा घरातल्या जेवणाच्या वेळा विचारून बसवायची.

निक्षयचे पैसे उपचारासोबत थांबतात. म्हणून रेशनमध्ये नाव चढवण्याचा आणि निराधारचा अर्ज पहिल्याच महिन्यात द्यायचा. चौथ्या महिन्यात दिला तर उपचार संपेपर्यंत हाती काही येत नाही. शेवटच्या महिन्याच्या गोळ्या देताना आम्ही वजनासोबत दोन कागद मागतो, रेशनची त्या महिन्याची पावती आणि निराधारच्या अर्जाची पोच. त्यातला एक जरी नसेल, तरी उपचार पूर्ण झाल्याची नोंद करून केस पेपर मिटवत नाही. रुग्णाचं नाव आशाताईंच्या यादीत राहतं आणि पुढच्या महिन्याची तारीख पडते.