तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेकआधी अपघातांची पुस्तकं कशाला?

पालकसभा संपली की दर वर्षी एखादे वडील वर्गाच्या दाराशी रेंगाळतात. चप्पल पायात सरकवता सरकवता विचारतात, "मॅडम, पोरं किल्ला बघाया चाललीत. आन् तुम्ही त्यान्ला डोंगरात मेलेल्या लोकायची पुस्तकं कामून वाचून दाखवायलाव?" आया एवढं लांबण लावत नाहीत. "अपशकुन नका करू, बाई," म्हणतात.

मी मराठवाड्यातल्या कन्नडला कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. वर्षातून एकदा अकरावीच्या मुलांना गौताळ्याच्या डोंगरात नेते, आणि त्याआधीचे तीन शनिवार आम्ही पुस्तकं वाचतो. पुस्तकं इंग्रजी आहेत, मी समोर धरून मराठीत सांगत जाते. दारात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

पंधराएक वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, आम्ही नागापूरकडून अंतूर किल्ल्यावर निघालो होतो. अकरा वाजता जिथे असू तिथून माघारी फिरायचं, असं मीच ठरवलं होतं. अकरा वाजले तेव्हा किल्ला समोर दिसत होता आणि आम्ही पहिल्या दरवाज्याच्याही अलीकडे होतो. मुलं म्हणाली, "मॅडम, एवढं आलोच आहोत तर." मी अर्धा तास वाढवून दिला. परत निघायला सव्वा वाजला. माणशी दोन लिटर पाणी सांगितलं होतं, पण निघताना एकाचीही पिशवी मी उघडून पाहिली नव्हती. निम्म्या मुलांकडे एकच बाटली होती. पठारावर सावलीला झाड नाही, गवत वाळून पिवळं पडलेलं. एक मुलगा गप्प झाला, मग अडखळायला लागला. मी नाव विचारलं तर त्याने हजेरीचा नंबर सांगितला. पुन्हा विचारलं, पुन्हा नंबर. मग तो खाली बसला तो उठेना.

एक गुराखी पोरगा वस्तीकडे धावत गेला. चार माणसं बाज घेऊन आली, बरोबर दोन कळश्या पाणी. त्यांनी मुलाचा शर्ट काढला, अंगावर पाणी ओतलं, टॉवेलने वारा घातला आणि बाजेवर घालून खाली आणलं. मुलगा वाचला. आज तो ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्या चौघांनी पैसे घेतले नाहीत. मुलाच्या आईला मी स्वतः जाऊन सांगितलं की चूक माझी होती, आणि ते मी अजूनही सांगते.

उष्माघातात माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो थकलेला नसतो, धोक्यात असतो. तेव्हा सगळ्यात आधी अंग गार करायचं, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. हे त्या चौघांना ठाऊक होतं, मला नव्हतं. त्यानंतर मी वाचायला लागले.

पहिलं हाती आलं ते जो सिम्पसनचं 'टचिंग द व्हॉइड'. १९८५ साली पेरूमधल्या सिउला ग्रांदे या ६,३४४ मीटर उंच शिखरावरून उतरताना त्याचा पाय मोडला. जोडीदार सायमन येट्स त्याला दोराने टप्प्याटप्प्याने खाली सोडत होता. अंधारात सिम्पसन एका कड्याखाली लोंबकळत राहिला, त्याच्या वजनाने वरचा येट्सही घसरू लागला, तेव्हा येट्सने दोर कापला. सिम्पसन हिमभेगेत पडूनही जगला आणि मोडका पाय ओढत तळावर पोचला. सगळे त्या कापलेल्या दोराबद्दल बोलतात. मी मुलांना थोडं मागे नेते. त्यांच्याजवळचा गॅस संपला होता. गॅस नाही म्हणजे बर्फ वितळवता येत नाही, म्हणजे प्यायला पाणी नाही, म्हणजे वादळ थांबेपर्यंत बर्फात गुहा खणून बसून राहणंही शक्य नाही. तो दोर कापला जाण्याची सुरुवात गॅसच्या डब्यापासून झाली होती. अंतूरच्या पठारावर आमचा गॅसचा डबा म्हणजे ती दुसरी बाटली, जी मुलांनी आणली नाही आणि मी तपासली नाही.

दोन शनिवार मात्र एव्हरेस्टलाच जातात. १० आणि ११ मे १९९६ या दोन दिवसांत तिथे आठ माणसं दगावली. त्यांपैकी तिघं आपल्या इंडो-तिबेटन बॉर्डर पोलिसांचे जवान होते, लडाखचे: त्सेवांग समानला, त्सेवांग पालजोर, दोर्जे मोरुप. ते तिबेटच्या बाजूने चढले होते. गाजलेली पुस्तकं नेपाळच्या बाजूला असलेल्यांनी लिहिली, त्यामुळे हे तिघं त्यांत जेमतेम दिसतात. म्हणून त्यांची नावं मी फळ्यावर आधी लिहिते.

नेपाळच्या बाजूला रॉब हॉल हा अनुभवी वाटाड्या होता. दुपारी उशिरात उशिरा दोनला परत फिरायचं, हे त्याच्या तुकडीतले लोक धरून चालले होते. त्याच्या तुकडीत डग हॅन्सन नावाचा टपाल खात्यातला माणूस होता. आदल्या वर्षी शिखर जवळ असताना हॉलनेच त्याला माघारी फिरवलं होतं, आणि पुन्हा ये म्हणून आग्रहही त्यानेच केला होता. या खेपेला हॅन्सन चारनंतर शिखरावर पोचला आणि हॉल तिथे त्याच्यासाठी थांबून होता. दोघंही परतले नाहीत. मी हे वाचते तेव्हा हॉलला नावं ठेवत नाही. आदल्या वर्षी ज्याला परत पाठवलं त्याला पुन्हा 'चल मागे' म्हणणं किती जड गेलं असेल, ते मला कळतं. मला तर अकरावीतल्या पोरांनाही म्हणता आलं नव्हतं.

त्याच तुकडीतले तिघं, हचिसन, टास्के आणि कॅसिश्के, सकाळी साडेअकराच्या सुमारास मागे फिरले. पुढे रांग तुंबली होती, हवा छान होती. त्यांनी वेळेचा हिशेब केला, तो जमेना, ते वळले आणि वाचले. त्यांच्याबद्दल पुस्तकांत फार थोडी पानं आहेत. मी त्यांच्यावर अर्धा तास घालवते. त्यांनी एकमेकांशी काय बोलणं केलं असेल, ते मुलांना लिहायला लावते.

इतिहास शिकवते म्हणून आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. हॉलच्या तुकडीतल्या जॉन क्राकाउर या पत्रकाराने 'इन्टू थिन एअर'मध्ये दुसऱ्या तुकडीचा वाटाड्या अनातोली बुकरीव्हवर टीका केली, की तो ऑक्सिजन न वापरता चढला आणि आपल्या लोकांच्या आधीच उतरून आला. बुकरीव्हने 'द क्लाइम्ब'मध्ये आपली बाजू मांडली. वादळात पुन्हा एकटा बाहेर पडून तिघांना तंबूत आणणाराही तोच होता. रात्र तीच, पण दोन पुस्तकांत ती दोन तऱ्हांनी येते. क्राकाउरने आधी मासिकातल्या लेखात हॉलच्या तुकडीतला दुसरा वाटाड्या अँडी हॅरिस छावणीपर्यंत आला होता असं लिहिलं होतं. पुढे उलगडलं की क्राकाउरला अंधारात भेटलेला माणूस दुसराच होता, आणि त्याने ती चूक पुस्तकात उघड मांडली. उंचीवर, थकलेल्या डोळ्यांनी पाहिलेलंही खोटं निघतं. बखरी वाचायच्या कशा, हे मुलांना यातून जितकं समजतं तितकं माझ्या तासांतून समजलेलं नाही.

अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दर वर्षी गिर्यारोहणातल्या अपघातांचे अहवाल छापतो. काय घडलं ते सरळ भाषेत, मग का घडलं त्याचा विचार. ते वाचून आम्ही एक वही सुरू केली. ट्रेकहून आल्यावर प्रत्येकाने आपली एक चूक तीत लिहायची, काही बिघडलं नसलं तरी. 'मी वाट सोडून घसाऱ्यावरून उतरलो, दगड खाली गेला, खाली मुली होत्या.' 'चक्कर येत होती, सांगितलं नाही.' 'मोहोळाखाली मोबाईलवर गाणी लावली.' पहिल्या पानावर माझी अंतूरची नोंद आहे, वेळांसकट.

तर वडीलधाऱ्यांनो, अपशकुनाची भीती तुमच्याइतकी मलाही वाटते. सह्याद्रीत पुण्या-मुंबईकडे बचावासाठी धावून जाणारी दोर-स्ट्रेचरवाली पथकं आहेत. ती इथे येईस्तोवर दुपार टळलेली असते. आपल्याकडे गुराख्याचं पोर आणि वस्तीवरची बाज आहे, म्हणून निघण्याआधी मी आता त्या वस्तीवर फोन करते.

या वर्षी आम्ही जानेवारीतच जातोय. पहाटे साडेपाचला कॉलेजच्या पायरीवर मी प्रत्येकाची पिशवी उघडून पाहणार आहे. दोन बाटल्या भरलेल्या हव्यात. ज्याच्याकडे एकच असेल त्याला बसमध्ये घेणार नाही, तो कुणाचाही मुलगा असो.