आडवी अक्कलदाढ: ऑपरेशनमध्ये आत नेमकं काय करतात

ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेवर खालची अक्कलदाढ शेजारच्या दाढेला टेकून आडवी झोपलेली दिसली, की पेशंटचा पहिला प्रश्न असतो, "काढायलाच हवी का?" दर वेळी नाही. पूर्ण हाडात गाडलेली, काही त्रास न देणारी आणि एक्स-रेत आजूबाजूला काही बिघाड न दिसणारी दाढ तशीच ठेवून लक्ष ठेवता येतं. ब्रिटनमधल्या 'नाईस' या संस्थेने २००० सालीच अशा निरोगी दाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नका, असं सांगितलं. काढायची ती वारंवार हिरडी सुजते म्हणून, भोवती गाठ दिसते म्हणून किंवा अन्न अडकून पुढची चांगली दाढ मागच्या बाजूने किडू लागते म्हणून. या शेवटच्या कारणाकडे लोक फार उशिरा लक्ष देतात आणि मग दोन दाढा जातात.

हिरडी सुजून पू आला असेल, तोंड दोन बोटंही उघडत नसेल, तर त्या दिवशी सहसा ऑपरेशन करत नाहीत. सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही आणि मागे हत्यार पोचत नाही. आधी हिरडीच्या झाकणाखाली सलाईनने धुवायचं, लागतील ती औषधं द्यायची. वरची दाढ त्या सुजेवर चावत असेल तर तिचा बंदोबस्त करायचा, नाहीतर सूज उतरतच नाही.

एक्स-रेत कोन बघतात. पुढे कललेली दाढ दिसायला भयंकर, पण त्यामानाने सोपी. मागे कललेली मात्र फसवी: फिल्मवर साधी वाटते, पण तिची बाहेर यायची वाट जबड्याच्या उभ्या हाडातच घुसते. मग मुळं आणि खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या नसेचा कालवा. कालव्याची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली, कालवा वळलेला किंवा मूळ तिथे काळपट दिसलं, तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून घ्यावा. मुळं नसेला खरंच बिलगलेली असतील, तर दाढेचा वरचा भाग कापून मुळं मुद्दाम आत ठेवणं हाही रीतसर पर्याय आहे.

भूल सहसा २ टक्के लिग्नोकेनची, त्यात १:८०,००० अ‍ॅड्रेनलिन. जबड्याच्या नसेपाशी साधारण दीड ते दोन मिली आणि गालाच्या बाजूच्या हिरडीत अर्धा मिली. अर्धा ओठ जड झाला नाही, तर सुरुवात करायची नाही. भूल चढल्यावर दाब आणि खडखड जाणवते, दुखत नाही. दुखलं तर हात वर करावा, सहन करत बसू नये.

हिरडीचा काप मागे जाताना गालाकडे वळवतात, कारण जबड्याचं हाड तिथे बाहेरच्या बाजूला फाकतं. काप सरळ मागे नेला तर हाड सुटतं आणि जिभेची नस धोक्यात येते. मग गालाच्या बाजूने आणि मागे हाडात अरुंद चर खणायचा, बरवर, म्हणजे कापणाऱ्या फिरत्या टोकावर, सलाईनची धार सतत ठेवून. ४७ अंश सेल्सिअस तापमान मिनिटभर टिकलं तरी हाड मरतं. यासाठी मायक्रोमोटरचा, म्हणजे विजेच्या मोटरवर फिरणारा, सरळ हँडपीसच हवा. साध्या एअरोटरची, म्हणजे हवेच्या जोरावर फिरणाऱ्या ड्रिलची, हवा पुढे फेकली जाते, ती हिरडीखाली शिरली की गाल बघता बघता फुगतो आणि दाबल्यावर चुरचुरतो.

कपाट दारातून निघत नसेल तर भिंत फोडत नाहीत, कपाट खोलतात. इथेही तसंच: हाड कमी कापायचं, दाढ जास्त. आडवी असेल तर दाढेचं डोकं मानेपाशी, म्हणजे मुळं सुरू होतात तिथे, वेगळं करायचं, कललेली असेल तर दोन मुळांच्या मधून उभी चिरायची. काप जिभेच्या बाजूपर्यंत नेत नाहीत. पाऊण रुंदी कापून उरलेलं एलिव्हेटर हे दाढ उचकटायचं हत्यार फिरवून फोडतात, कारण तिकडचं हाड पातळ असतं आणि त्याला लागूनच जिभेची नस असते. काप उथळ राहिला तर तुकडा भलत्याच ठिकाणी फुटतो आणि पुढच्या दाढेच्या फुगवट्याखाली अडकलेला भाग तसाच राहतो. अशा वेळी जोर लावणं ही सगळ्यात वाईट सवय. जबडा मोडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पुन्हा बर घ्यावा, पुन्हा चिरावं.

दाढ निघाली की भोवतीची पिशवी खरवडून काढायची, हाडाच्या कडा घासायच्या आणि उचललेल्या हिरडीखाली भरपूर सलाईनने धुवायचं. तिथे राहिलेला हाडाचा चुरा काही आठवड्यांनी पू होऊन वर येतो. शेवटी ३-० काळ्या रेशमाचे दोन-तीन टाके, ते सातव्या दिवशी काढतात.

घरी गेल्यावर गॉज पाऊण तास घट्ट चावून धरायचा. २४ तास थुंकणं, चूळ, स्ट्रॉ बंद. तंबाखू, मशेरी, सिगारेट निदान आठवडाभर. दुखण्याची पहिली गोळी भूल उतरायच्या आत घ्यावी, डॉक्टरांनी दिलेलीच, अ‍ॅस्पिरिन नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगावी, मनाने बंद करू नये. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. मऊ भात, पेज, ताक चालेल. दाण्याचं कूट आणि तीळ खड्ड्यात जाऊन बसतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, घाबरू नये.

कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उसळून कानापर्यंत गेलं, तोंडाला वास आला आणि खड्डा रिकामा दिसला, तर तो ड्राय सॉकेट. रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. अँटिबायोटिकने तो बरा होत नाही. धुऊन लवंग तेलाची औषधी पट्टी भरली की बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो. ओठ किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर लगेच कळवावं. बहुतेक वेळा संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परतते, पण त्याची नोंद पहिल्या दिवसापासून हवी. आणि गिळता येत नसेल, जिभेखाली किंवा गळ्याकडे सूज उतरत असेल, श्वास जड वाटत असेल, तर सकाळची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलात जावं.